क्षतानंतर पेशींचा परस्परसंवाद : कीटकांतील कॅल्शियम-संकेत

गेली काही वर्षे शंख, प्रवाळ, मुक्ता आदी सुधावर्गीय कल्पांच्या माहितीपत्रकांत ‘कॅल्शियम-संकेतांद्वारे व्रणरोपण’ अशी भाषा आढळू लागली आहे. छत्रपती संभाजीनगर परिसरातील वैद्यमित्र व औषधविक्रेते आम्हांस याविषयी वारंवार विचारतात. हे संकेत म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहू.

या विषयाचे बरेचसे ज्ञान फळमाशीवरील संशोधनातून आले आहे. केळ्यांच्या घडाभोवती घोंघावणारी हीच ती चिमुकली माशी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला आणि पुढे तेथे फळमाशीवरील अभ्यास रुजला. याच परंपरेतील डॉ. गायती हसन यांनी मायकेल रॉसबॅश यांच्यासमवेत १९९२ मध्ये, पेशीतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे करणाऱ्या द्वारांची जनुके या माशीत ओळखली.

पेशीच्या बाहेर कॅल्शियम विपुल असते. आतील द्रवात मात्र त्याच्या सुमारे दहा-हजारांश. हा तीव्र भेद राखण्यासाठी पेशी अखंड ऊर्जा खर्च करते, आणि म्हणूनच द्वार क्षणभर उघडले तरी तो ठळक संकेत ठरतो. ऊतीला क्षत होताच फाटलेल्या पेशींत बाहेरचे कॅल्शियम शिरते व शेजारच्या पेशींत पसरते. पेशींना जोडणाऱ्या या सूक्ष्म मार्गिका कीटकांत इनेक्सिन नामक प्रथिनांच्या असतात. ही झाली पहिली लाट. सुमारे एका मिनिटाने दुसरी, अधिक दूर जाणारी लाट उठते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये तिचे कारण दाखविले. भग्न पेशींतून सांडलेली प्रथिनभंजक द्रव्ये एका सुप्त पेप्टाइडचा छेद करून त्यास कार्यक्षम करतात. ते दूरच्या पेशींच्या ग्राहकांना चिकटते व त्या पेशी स्वतःच्या साठ्यातील कॅल्शियम मोकळे करतात. जखमेतून निसटलेले द्रव्यच जखमेची वार्ता नेते, ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. फळमाशीच्या भ्रूणात या कॅल्शियममुळे हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होऊन रक्षक पेशी क्षतस्थानी धावतात, हे २०१३ मध्येच दिसून आले होते.

या पेप्टाइडाचे नाव ‘वृद्धिरोधक’. १९९० च्या सुमारास जपानमध्ये, परोपजीवी गांधीलमाशीने अंडी घातलेल्या लष्करी अळीत ते सापडले. अशा अळीची वाढ खुंटते, म्हणून हे नाव. (मक्यावर २०१८ पासून आपल्याकडे आलेली ती ही अळी नव्हे.) जालना व आपल्या जिल्ह्यातील शेतकरी ज्याचे संगोपन करतात त्या रेशीमकिड्यातही याच कुळातील पेप्टाइड आहे. गंमत अशी, की फळमाशीत हेच द्रव्य मेदपिंडातून स्रवून, आहार पुरेसा असल्याचा निरोप मेंदूला देते. त्यातून इन्शुलिनसदृश स्राव वाढून वृद्धीस साहाय्य होते. एकच द्रव्य कोठे वाढ रोखते, कोठे पोसते. नावावरून गुणकर्म ठरवू नये, हे द्रव्यगुणाच्या अभ्यासकास वेगळे सांगणे नको.

आता मूळ प्रश्न. वरील लाटेतील कॅल्शियम पेशीच्या साठ्यातील अथवा तिच्या लगतच्या द्रवातील असते. मुखाने दिलेल्या भस्माने ती लाट उठत नाही. मनुष्याच्या रक्तरसात कॅल्शियम दर डेसिलीटरला सुमारे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या मर्यादेतच शरीर राखते. अधिक सेवनाने ‘संकेत’ वाढावयाचे नाहीत, मूत्राश्मरीच्या रुग्णास मात्र अपाय होऊ शकतो. मधुमेहजन्य पादव्रणाचा रुग्ण अशा पत्रकावर विसंबून शोधन, व्रणकर्म व शर्करा-नियंत्रण लांबवीत असेल, तर पाय गमावण्याची वेळ येते. औषधविक्रेत्यांनी अशी पत्रके दुकानात मांडू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणासाठी साठ उपक्रम सांगितले. त्यांत स्थानिक कर्मांचा भाग मोठा आहे, हे विसरून चालणार नाही.

शास्त्रीय परीक्षणाचा मार्ग बंद आहे असे मात्र नाही. डॉ. वलियाथन यांच्या पुढाकाराने वाराणसीत डॉ. लखोटिया व सहकाऱ्यांनी आमलकी रसायन व रससिंदूर फळमाशीच्या अन्नात मिसळून केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. शंखभस्म याच रीतीने देऊन, अळीच्या ऊतीस सूक्ष्म क्षत करून, प्रकाशमान प्रथिनांच्या साहाय्याने लाटेची व्याप्ती मोजता येईल. माहितीपत्रक छापणाऱ्या औषधनिर्मात्यांकडे असा प्रयोग मागावा.