दोष एकट्या सुनेचाच कसा?

परवा नालासोपाऱ्याच्या एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. लग्नाला चार वर्षे झाली, घरात पाळणा हललेला नाही. सुनेच्या तपासण्यांची फाइल जाडजूड. मुलाची तपासणी मात्र एकही नाही!

वाचकहो, १९८६ साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. पुढे संशोधन थेट शुक्रजंतूच्या आत शिरले. त्याच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. २००१ साली डॉ. डेव्हिड क्लॅपहॅम यांच्या गटाने ती उंदरांत शोधली. दारे नसलेले नर वंध्य निघाले. २०११ साली कळले, की स्त्रीबीजाभोवतीच्या पेशींतील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक माणसात ही दारे उघडते. मग शेपटी जोराने फटकारते.

म्हणजे किल्ली तिच्याकडे, दार त्याच्याकडे!

नेहमीच्या वीर्यतपासणीत ही दारे दिसत नाहीत. पण शुक्रजंतूंची संख्या व हालचाल कळते. वर्षभरात दिवस न राहिल्यास दोघांनीही तपासून घ्यावे. बाईचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांतच.

"पुढच्या खेपेस मुलाला आणा," मी म्हणालो. सासूबाई गप्प झाल्या. सुनेने मात्र प्रथमच मान वर केली.