पाण्याखालचा धडा

गेल्या मे महिन्याच्या सुटीत जर्मनीतील वाल्डॉर्फ या गावी माझ्या भाचीकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. हायडेलबर्गच्या दक्षिणेस वसलेले हे सुमारे पंधरा हजार वस्तीचे टुमदार गाव. न्यूयॉर्कच्या विख्यात वाल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलच्या नावातील वाल्डॉर्फ ते हेच. ॲस्टर घराण्याचा मूळपुरुष योहान याकोब याचा जन्म १७६३ साली येथे झाला. आज गावाची ओळख आहे ती सॅप या संगणक-प्रणालीच्या कंपनीमुळे. १९७२ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९७७ मध्ये आपले ठाणे येथे हलविले. त्यामुळे बाजारहाट करताना अवचित मराठी शब्द कानी पडतात आणि मन सुखावते.

निघताना धाकट्या बहिणीने माझ्यावर एक कामगिरी सोपविली होती. भाचीला पाण्याखाली बुडी मारण्याचा नाद लागला होता. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल पाण्यात उतरावयाचे, ज्याला स्कूबा म्हणतात तो हा छंद. “ताई, तू शिक्षिका आहेस. तुझे ती ऐकेल. एवढा नाद सोडायला सांग,” असे बहिणीने डोळ्यांत पाणी आणून विनविले होते. तिच्या भीतीला कारणही होते. त्याआधीच्या हिवाळ्यात भाची एका तळ्यात कोणाचे तरी उसने जाकीट घालून उतरली होती. वर आल्यावर जाकीट फुगविले, तो ते अंगावरून सरकून थेट कानांपर्यंत चढले. हनुवटी दबली, मान वळेना, नाकातोंडात पाणी गेले. सोबतीच्याने धरले म्हणून निभावले.

“मावशी, शनिवारी मी स्वतःचे जाकीट घ्यायला जाणार आहे. तू चल माझ्याबरोबर. बघ, आणि मग काय सांगायचे ते सांग,” ती म्हणाली. मी गेले.

अध्यापन-प्रशिक्षणात आम्हांस एक सूत्र शिकविले होते: ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. या जाकिटास जर्मन भाषेत ‘टारीअरवेस्टं’ म्हणतात, असे दुकानदाराने सांगितले. ‘टारीअरेन’ म्हणजे तराजूचे पारडे समतोल करणे. तो शब्द ऐकला मात्र, आणि मला कोकणातील आजोबांचे तेलाचे दुकान आठवले. गिऱ्हाईक रिकामे भांडे घेऊन येई. आजोबा ते एका पारड्यात ठेवीत, दुसऱ्या पारड्यात खडे टाकून काटा मध्यावर आणीत, आणि मगच भांड्यात तेल ओतीत. यास भांड्याचा धडा करणे म्हणतात. धडा चुकला की पुढचे सारे माप चुकले. हे जाकीट पाण्याखाली नेमके तेच काम करते: माणसाचा धडा करते.

तो कसा, हे थोडे विस्ताराने सांगते. बुडी मारणारा रबरी पोशाख घालतो. त्या रबरात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात. ते ऊब राखतात, पण माणसाला वरही उचलतात. म्हणून कमरेस शिशाची वजने लावावी लागतात. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात, पोशाखाची उचल घटते आणि माणूस जड होऊन खाली जाऊ लागतो. तेव्हा जाकिटाच्या पिशवीत टाकीतील थोडी हवा सोडून समतोल साधावयाचा. वर येताना उलटा प्रकार. दाब कमी होतो, पिशवीतील हवा फुगते. दहा मीटरवरची एक लिटर हवा पृष्ठभागाशी येईतो दोन लिटर होते. ती वेळीच सोडून दिली नाही, तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो, आणि ते फुप्फुसांस घातक ठरू शकते. तात्पर्य, जाकिटात हवा भरता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती चटकन काढता येणे.

ही साधनेही अनुभवातूनच घडत गेली. कूस्तो आणि गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली श्वसनाचे उपकरण सिद्ध केले, तेव्हा असे जाकीट नव्हते. १९६१ च्या सुमारास फ्रान्समध्ये फेंझी यांनी गळ्यात अडकविण्याची फुगती पिशवी आणली. १९७१ मध्ये अंगात घालावयाचे जाकीट बाजारात आले. आता त्याचे मुख्यत्वे दोन प्रकार दिसतात. पहिल्यात हवा पाठीबरोबरच कुशींशीही भरते. ते पृष्ठभागावर माणसाला सुखाने उभे धरते, म्हणून नवशिक्यांस मानवते. मात्र भरल्यावर बरगड्या आवळण्याचा संभव असतो. दुसऱ्यात हवा केवळ पाठीमागे राहते. छाती मोकळी राहते, पाण्याखाली शरीर सहज आडवे ठेवता येते. पण पृष्ठभागावर ते जाकीट माणसाला किंचित पुढे लोटते, त्याची सवय करून घ्यावी लागते.

भाचीचे मन एका निळ्या जाकिटावर बसले होते. त्यावर सवलतही होती. तिने ते सदऱ्यावर घातले. अगदी बेतल्यासारखे बसले. दुकानदार वयस्क होते, धंद्याची घाई नसलेले. त्यांनी विचारले, “तुम्ही पाण्यात सदऱ्यावर उतरणार काय?” आणि सात मिलिमीटर जाडीचा पोशाख तिच्यापुढे ठेवला. ऱ्हाईनच्या खोऱ्यात खडी उपसून झालेली अनेक तळी आहेत. त्यांपैकी जेथे परवानगी आहे तेथे लोक बुड्या मारतात. वर ऊन असले तरी खोल तळ्याच्या तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास असू शकते, कारण पाणी त्या तपमानास सर्वाधिक घन असते आणि खाली बसते. तेथे जाड पोशाखावाचून चालत नाही. तो घालून निळे जाकीट चढविले, तर छातीचा पट्टा लागेना.

आपण दिवाळीची चोळी शिवावयास देताना जे पाहतो, तेच येथे पाहावयाचे. फरक इतकाच की येथे माप प्राणाशी निगडित आहे. दुकानदारांनी एकेक परीक्षा करून दाखविली. प्रथम जाकीट पूर्ण फुगवावे आणि खोल श्वास घ्यावा. छाती अडता कामा नये. मग कोणीतरी खांद्यांचे पट्टे धरून वर ओढावे. जाकीट कानांकडे सरकले, तर ते मोठे आहे. ही ओढण्याची कामगिरी मजकडे आली, आणि बहिणीची आठवण ठेवून मी ती मन लावून केली! स्त्रियांचे धड आखूड, खांदे अरुंद असतात, म्हणून त्यांच्यासाठी निराळ्या बेताची जाकिटे मिळतात. पोटावरील रुंद पट्टा सैल नसावा. त्यास ‘कमरबंड’ म्हणतात; आपल्याकडील कमरबंदच इंग्रजीत जाऊन परतला आहे. टाकी बांधून वाकावे, वळावे. टाकी डुलू नये. जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, हवा भरण्याची कळ आणि हवा सोडण्याच्या झडपा सापडतात का ते पाहावे. शिशाचे कप्पे एका हिसक्यात सुटतात का तेही पाहावे. शेवटी जाकीट फुगवून काही वेळ तसेच ठेवावे. कोठे हवा झिरपत असेल तर उमगते. जुने जाकीट घेणाऱ्याने तर ही परीक्षा चुकवूच नये.

किती उचल हवी, हा पुढचा प्रश्न. युरोपात ती न्यूटनमध्ये लिहितात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. पोशाखाची घटलेली उचल भरून निघेल आणि सर्व सामानासह पृष्ठभागावर निश्चिंत तरंगता येईल, एवढी उचल पुरे. फाजील मोठी पिशवी पाण्यात आडकाठी करते. भाची डिसेंबरात सुटीवर येऊन तारकर्लीस उतरणार होती. तेथील उबदार पाण्यात पातळ पोशाख पुरतो, म्हणून पट्टे तितके आवळता येतात का, हेही तिने तपासले. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. शंभर किलोच्या माणसाला, सामान धरून, समुद्रात अडीच किलो शिसे अधिक लागते. शिवाय टाकीतील हवेलाही वजन असते. बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार दाबाने चोवीसशे लिटर हवा मावते. ती जवळजवळ तीन किलो भरते. बुडी संपताना टाकी दोन किलोंनी हलकी झालेली असते. शिसे ठरविताना हा हिशेब न केल्यास जाकीट कितीही उत्तम असो, धडा चुकतोच.

दुकानदारांनी जाकिटाच्या आतील पट्टीवर बोट ठेवले. हे जीवरक्षक जाकीट नाही. बेशुद्ध माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर धरीलच अशी हमी नाही, अशा अर्थाची सूचना तेथे होती. मालवणात सिंधुदुर्गाजवळ हौसेने एकदाच उतरणाऱ्या पर्यटकाचे जाकीट प्रशिक्षकच सांभाळतो. पण जो स्वतः उतरणार, त्याने आधी रीतसर शिक्षण घ्यावे, भाड्याची दोन-चार जाकिटे वापरून पाहावीत आणि मगच पैसे खर्चावेत.

भाचीने अखेर एक साधे काळे जाकीट घेतले. ते निळ्याहून महाग पडले, पण तिने कुरकुर केली नाही.

पुढल्या रविवारी तळ्याच्या काठी मी घड्याळ हाती धरून बसले होते. एकतिसाव्या मिनिटाला पाणी हलले. ती वर आली, जाकीट फुगविले, आणि मी सर्वांत आधी तिचे कान पाहिले. दोन्ही मोकळे होते. तिने हात उंचावला.

बहिणीची कामगिरी मी पार पाडली नाही. रात्री तिला दूरध्वनी करून तसे स्पष्ट सांगितले. नाद सुटणार नाही. पण जाकीट मी स्वतः ओढून पाहिले आहे, आणि ते हलत नाही. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “डिसेंबरात तारकर्लीला आपण दोघी काठावर बसू.”