ढास

आमच्या निलंग्याकडं कोरड्या खोकल्याच्या उबळीला ढास म्हणतात. एकदा लागली की माणूस अंथरुणावर उठून बसतो, गुडघ्यावर हात टेकतो आणि घरातलं कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन धावतं. लहानपणी मी या ढासेवर जेवढे उपाय पाहिले, तेवढे दुसऱ्या कुठल्याच दुखण्यावर पाहिले नाहीत.

पहिला मान अडुळशाचा. बांधावरची सगळी झुडपं ओरबाडणारी शेळी अडुळशाला मात्र तोंड लावत नाही, इतका तो कडू. आजी त्याची पिकायला आलेली पानं तव्यावर गरम करायची आणि फडक्यात घालून पिळायची. काळपट हिरवा रस जेमतेम चमचाभर निघायचा. त्यात मध. वैद्याकडं गेलं तर सितोपलादी चूर्णाची पुडी मिळे. त्याचं माप फार देखणं आहे: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1. प्रत्येक जिन्नस आधीच्याच्या निम्मा. ज्या काळी घरोघरी तराजू नव्हता, त्या काळी हे गणित तोंडपाठ राहायला किती सोपं!

आणि हकीम. निलंगा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होतं, त्यामुळं जोशांदा आणि लऊक सपिस्तां ही नावं इथल्या जुन्या माणसांना परकी नाहीत. सपिस्तां म्हणजे तरी काय, तर आपली भोकरं. ज्यांचं आपण लोणचं घालतो त्यांचाच चिकट गर हकीम घशासाठी चाटायला देत.

मग दवाखान्याचा काळ आला. जाताना रिकामी बाटली बरोबर न्यायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतलं लालसर औषध त्यात ओतायचा आणि कात्रीनं दोन्ही कडांना खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीवर डकवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. आजोबा बाटली कंदिलासमोर धरून किती खाचा उरल्या ते पाहायचे. या मिश्रणांत बहुधा अमोनियाचा क्षार आणि इपेकाक असे, कफ सुटावा म्हणून. उबळ दाबायची असली तर अफूच्या वंशातलं काहीतरी. जर्मनीच्या बायर कंपनीनं 1898 साली हेरॉइनसुद्धा खोकल्यावरचं औषध म्हणूनच बाजारात आणलं होतं. कफ सोडवणं आणि खोकला दाबणं या दोन उलट गोष्टी आहेत. छाती भरलेली असताना खोकला दाबला तर कफ आतच राहतो. ‘खोकल्याची बाटली द्या’ म्हणताना आपण यातलं काय मागतोय, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

अडुळसा पुन्हा भेटला तो गोळीतून. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्झिन तयार झालं आणि 1963 साली युरोपात औषध म्हणून आलं. पुढं त्यातूनच अँब्रोक्सॉल निघालं. आज मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर ही दोन नावं सापडतात. हे वाचलं तेव्हा आजीचं ते फडकं डोळ्यांपुढं आलं.

पण घरगुती औषधाचं नुसतं कौतुक करणं मला जमत नाही. लेकरू खोकून खोकून निळं पडायचं, श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज निघायचा, तो डांग्या खोकला. त्यावर काढे झाले, अंगारे झाले, गल्लीतून हाळी देत येणाऱ्या बायांकडून गाढविणीचं दूध घेऊन पाजणं झालं. तो खरा हटला लसीनं. 1985 साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं आणि सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या सुयांनी जे केलं ते कुठल्याही चाटणाला साधलं नव्हतं. तसाच क्षय. महिनोन्‌महिने अडुळसा पीत बसलेली आणि तोवर घरातल्या दोघातिघांना रोग देऊन गेलेली माणसं माझ्या माहितीत आहेत. चुलीत तुराट्या जाळून रोज धूर गिळणाऱ्या बायकांचा खोकला तर कुणी आजारात मोजलाच नाही.

बाटलीवरचा विश्वास मात्र वाढतच गेला. वास्तविक 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीतच तो हलायला हवा होता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विषारी द्रावण मिसळलेलं होतं. ते गोडसर असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं चौकशी केली. त्या दिवसांत राज्याचे मुख्यमंत्री होते शिवाजीराव पाटील निलंगेकर, आमच्याच गावचे. तरी आमच्या गल्लीत त्या ग्लिसरीनचा आणि खोकल्याच्या औषधाचा संबंध कुणी जोडला नाही. ग्लिसरीन काय किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल काय, ही तर सिरपमध्येही पडतात.

तेच विष 2022 मध्ये गांबियात लहान मुलांच्या सिरपमध्ये निघालं आणि 2025 मध्ये छिंदवाड्यात. तिथली आजारी लेकरं उपचाराला आपल्या नागपुरात आणली होती. वीसहून अधिक मुलं गेली. प्रमाण 0.1 टक्क्याच्या वर नको, तिथं 48.6 टक्के सापडलं. ऑक्टोबरात महाराष्ट्रातही त्या सिरपची एसआर-13 ही बॅच वापरू नका, असा इशारा निघाला. केंद्रानं कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाचाखालीही शक्यतो टाळावीत. बहुतेक लेकरांचा खोकला आपोआप बरा होतो. वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध चालतो. वर्षाखाली मधही नाही. मला राग येतो तो याचा की एवढं साधं सांगायला इतकी मुलं जावी लागली.

निलंग्यात औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे. परवा, संक्रांतीच्या तोंडावर, एका मेडिकलमध्ये उभा होतो. काउंटरवर तरुण मुलगा होता. एक बाई आली, कडेवर लेकरू.

“खोकल्याची बाटली द्या.”

“ताई, वय किती याचं?”

“दीड वर्ष.”

“मग बाटली नाही देत. दूध पितंय का? श्वास जोरात चालतोय का? बरगड्या आत जातायत का?”

तिनं लेकराचा सदरा वर केला. दोघांनी मिळून ती एवढीशी छाती थोडा वेळ पाहिली. श्वास नीट चालला होता.

“घरात आणखी कुणी खोकतंय?” त्यानं विचारलं.

“मामंजी,” ती म्हणाली. “दिवाळीपासून.”

त्यानं बिलाचा कागद उलटा केला आणि मागं लिहिलं: उपजिल्हा रुग्णालय, थुंकीची तपासणी, सकाळी.