सुरक्षित उपचार : आपला प्रश्न हीसुद्धा एक तपासणी

रुग्णालयात काही वेळा रुग्णाला आजारामुळे नव्हे, तर उपचारादरम्यान इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, आरोग्यसेवा घेणाऱ्या सुमारे १० पैकी १ रुग्णाला अशी इजा पोहोचते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात. त्यामागे बहुधा एका व्यक्तीची बेपर्वाई नसते. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या, पाळी बदलताना राहून गेलेली नोंद किंवा घाईत न विचारलेला प्रश्न, अशा लहान त्रुटी एकत्र येतात. म्हणूनच प्रत्येक टप्प्यावर तपासणी ठेवलेली असते. त्या तपासणीत रुग्ण व नातेवाईक यांचाही वाटा आहे.

ओळख पटवताना
• औषध, रक्त किंवा तपासणीपूर्वी आपले पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक पडताळला जाणे आवश्यक आहे. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे. खाट बदलू शकते.
• आपले नाव स्वतः सांगावे. झोपेत असलेला किंवा कमी ऐकू येणारा रुग्ण दुसऱ्याच्या नावालाही होकारार्थी मान हलवतो. अशा वेळी नातेवाइकांनी उत्तर द्यावे.

औषधे घेताना
• सध्या चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक व होमिओपॅथीची औषधेही, डॉक्टरांना दाखवावीत. पूर्वी एखाद्या औषधाने पुरळ, सूज किंवा धाप आली असल्यास ते आधीच सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे.
• पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांनी मिळते आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही असते. दोन गोळ्यांतून तेच औषध दुप्पट पोटात जात नाही ना, हे औषध विक्रेत्याला विचारावे.
• इन्शुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट व १०० युनिट अशा दोन प्रमाणांत मिळते. १०० युनिटचे इन्शुलिन ४० युनिटच्या सिरिंजने घेतल्यास मात्रा अडीचपट होते आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बाटली व सिरिंज यांवरील आकडा एकच असल्याची प्रत्येक वेळी खात्री करावी.

शस्त्रक्रियेपूर्वी
जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी सूची तयार केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून हलवण्यापूर्वी ती वाचली जाते. दिल्लीसह जगातील ८ शहरांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात, या सूचीच्या वापरानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्यामुळे नाव, शस्त्रक्रिया आणि डावी-उजवी बाजू पुन्हा पुन्हा विचारली गेल्यास त्रासून जाऊ नये. ते सावधगिरीचे लक्षण आहे. संमतिपत्र समजून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये.

हातांची स्वच्छता
स्पर्श करण्यापूर्वी हात स्वच्छ केले आहेत का, असे डॉक्टर किंवा परिचारिकांना विनयाने विचारणे हा उद्धटपणा नाही. भेटीस येणाऱ्यांनीही हात धुवावेत, रुग्णाच्या खाटेवर बसू नये आणि सलाईनचा वेग स्वतः बदलू नये.

घरी जाताना
कोणते औषध, किती, केव्हा व किती दिवस घ्यायचे. पूर्वीचे कोणते औषध बंद करायचे. कोणते लक्षण दिसल्यास तातडीने परत यायचे, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्यावे. ऐकलेली सूचना आपल्या शब्दांत परत सांगावी. समजण्यात चूक झाली असल्यास तेथेच ध्यानात येते.

काही चुकल्याची शंका आल्यास
• परिचारिका किंवा डॉक्टरांना लगेच सांगावे. धाप, ओठांवर सूज किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाल्यास क्षणभरही थांबू नये. रुग्ण घरी असल्यास त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे.
• औषधाची पट्टी किंवा बाटली टाकून देऊ नये. तिच्यावरील बॅच क्रमांक शोध घेण्यास उपयोगी पडतो.
• औषधाच्या दुष्परिणामाची माहिती १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर देता येते.

अशी नोंद कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नसते. तीच चूक दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत घडू नये, यासाठी असते. न नोंदवलेल्या चुकीतून कोणतेही रुग्णालय काही शिकू शकत नाही.

दरवर्षी १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. रुग्णसुरक्षा मात्र रोजची, प्रत्येक खाटेजवळची बाब आहे. शंका असेल, तेथे विचारावे. उत्तर समजले नाही, तर पुन्हा विचारावे.