कोणत्या थरापाशी थांबायचं?

लष्करी रेडिओच्या पेटीचा एखादा कोपरा ओल्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं गोल गोल घासत गेलं, की रंगाचे थर वर्तुळांसारखे उलगडत जातात. बाहेरच्या कडेला मळकट हिरवा, आतल्या अंगाला जरा गडद हिरवा, मग एखादा तपकिरी, पिवळट प्रायमर आणि मधोमध नाण्याएवढा उघडा पत्रा. दुसऱ्या महायुद्धातले संच दुरुस्त करणारे हौशी लोक कामाला हात घालण्याआधी असा एक ठिपका पाडतात, तोही पेटीच्या तळाला, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी. पुढचा सगळा वाद या वर्तुळांवरून असतो. संच 'मूळ रंगात' आणायचा, तर यातला मूळ कोणता?

अडचण अशी की या संचांना पुन्हा रंग देण्याचं काम हौशी मंडळींच्या आधी खुद्द लष्करानंच करून ठेवलेलं असतं. ब्रिटनचा 'वायरलेस सेट नंबर १९' घ्या. केंब्रिजच्या पाय कंपनीनं १९४०-४१च्या सुमारास तो रणगाड्यांसाठी तयार केला. लांबच्या संभाषणासाठी २ ते ८ मेगाहर्ट्झचा 'ए' संच, जवळपासच्या रणगाड्यांशी बोलायला २३५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा 'बी' संच आणि आतल्या माणसांसाठी इंटरकॉम, असं सगळं एकाच पेटीत. मागणी इतकी वाढली की पुढे कॅनडा आणि अमेरिकेतले कारखानेही तो बनवू लागले. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममधले व्हॅलेंटाइन आणि चर्चिल ज्यांनी पाहिलेत, त्यांनी या संचाचं घर निदान बाहेरून पाहिलेलं आहे.

युद्धानंतर हे संच वर्कशॉपमध्ये गेले, उघडले गेले, दुरुस्त झाले. त्या वर्षी डेपोत जो रंग होता तो त्यांच्यावर मारला गेला आणि ते पुन्हा नोकरीवर रुजू झाले. इटलीच्या लष्करानंही ते युद्धानंतर वापरले. म्हणजे एकाच पेटीवर कारखान्याचा रंग अस्सल आणि वर्कशॉपचाही अस्सल. त्यातच कॅनडात बनलेल्या कितीतरी संचांच्या दर्शनी भागावर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरं आहेत. हे संच सोव्हिएत संघाला पाठवायचे म्हणून तशी सोय केली होती. प्रत्यक्षात बरेचसे ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या फौजांकडेच राहिले. घाईनं ब्रश फिरवणाऱ्याच्या हातून आधी बुजतात ती ही अक्षरं, आणि संचाचा निम्मा इतिहास तिथेच पुसला जातो.

कागदावर रंगांची व्यवस्था चोख दिसते. जर्मनीत १९२७ साली ४० छटांनी 'राल' तक्त्याची सुरुवात झाली. १९४३च्या फेब्रुवारीत जर्मन सैन्यानं वाहनांचा गडद करडा सोडून ७०२८ क्रमांकाचा मातकट पिवळा घेतला. ब्रिटिशांनी १९४४च्या एप्रिलमध्ये आपल्या वाहनांसाठी तपकिरी बाजूला ठेवून अमेरिकी वाहनांशी जुळेल असा ऑलिव्ह ड्रॅब पत्करला. अमेरिकेचा सगळ्यांच्या तोंडी असलेला फेडरल स्टँडर्ड ५९५ हा तक्ता मात्र १९५६चा आहे. तेव्हा १९४३च्या अमेरिकी संचाला त्या तक्त्यातला ३४०८७ हा आकडा छातीठोकपणे चिकटवणारा माणूस आपलं अज्ञानच पाजळत असतो. युद्धकाळात कारखाना बदलला की हिरवा बदलायचा, आणि त्यावर पुढच्या कित्येक वर्षांचं ऊन, धूर आणि तेलकट हात. म्हणून जाणकार तक्त्याआधी स्क्रू-ड्रायव्हर उचलतात. मोठी खुंटी किंवा नावाची पट्टी काढली की तिच्याखाली न उडालेल्या रंगाचा तुकडा सापडतो. तो दिवसाच्या उजेडात जुळवायचा. ट्यूबलाइटखाली तंतोतंत वाटलेला हिरवा अंगणात नेल्यावर भलताच निघतो.

सगळे संच हिरवे नव्हतेच. इंग्लंडच्या शत्रुसंदेश टिपणाऱ्या केंद्रांवर राबलेला नॅशनल कंपनीचा एचआरओ, आरसीएचा एआर-८८, बॉम्बर विमानांतला बीसी-३४८ यांच्या अंगावर काळा, सुरकुतलेला 'रिंकल' रंग असे. तो चमकत नाही, ओरखडे लपवतो आणि ओतकामातले खड्डेही झाकतो. त्याची गंमत टंग तेलात आहे. चिनी झाडाच्या बियांचं हे तेल घातलेला रंग जाड थरात दिला की वरची साय आधी सुकते आणि फुगते. खालचा थर ओलाच असल्यानं तिला पसरायला जागा मिळत नाही आणि ती चुरगळते. १९३८च्या डिसेंबरात अमेरिकेनं चीनला अडीच कोटी डॉलरचं कर्ज जाहीर केलं, ते चीननं टंग तेलानं फेडायचं होतं. किनारा जपान्यांच्या ताब्यात गेल्यावर बर्मा रोड हा मोठा आधार उरला, आणि १९४२मध्ये तोही तुटला. या सुरकुत्यांच्या पेटंटवरून कंपन्यांनी मिळून भाव बांधले, असा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९५२च्या निकालात अशी भावबांधणी पेटंटच्या आडोशानंही चालणार नाही असं न्यायालयानं ठरवलं. रेडिओच्या डब्याचा रंग एवढ्या लांबवर नेतो.

हा रंग नव्यानं काढणं हे खरं हातकसबीचं काम. आता तो स्प्रेच्या डब्यात मिळतो, पण डब्यावरच्या सूचना वाचूनही पहिली पाटी बहुतेकांची वाया जाते, कारण सवयीनं हात हलका राहतो आणि पातळ थराला सुरकुत्या पडतच नाहीत. पहिला जाड हात आडवा, थोड्या मिनिटांनी दुसरा उभा, तिसरा तिरका, मग लगेच उष्णता. दिव्याखाली ठेवलेली गुळगुळीत काळी पाटी बघता बघता एका कडेनं आकसू लागते आणि सुरकुती पुढे सरकत जाते. एका बाजूला ऊब जास्त लागली तर तिथली नक्षी बारीक आणि दुसरीकडची ढोबळ, की पुन्हा सगळं खरवडा. रिंकलला ठिगळ लावता येत नाही. जुन्या-नव्याचा सांधा लपत नाही. त्यामुळे जुना रिंकल साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं धुऊन पाहावा. निम्म्या वेळा 'गेलेला' रंग फक्त धूळ आणि सिगारेटचा कीट निघतो.

काही पेट्यांना तर रंगच नव्हता. विमानांसाठी बनलेल्या अमेरिकी 'कमांड सेट' मालिकेत नौदलाचे एआरसी-५ काळे रिंकल होते, तर लष्कराचे एससीआर-२७४-एन पुढे कोऱ्या ॲल्युमिनियममध्येच बाहेर पडले. अशा संचाला हौसेनं काळा रंग देऊन 'सजवलेले' नमुने बाजारात दिसतात. ते सुंदर दिसतात, हीच पंचाईत.

रंग उतरवण्याच्या कामात घाई जिवावर येऊ शकते, आणि इथे थोडं सविस्तर सांगायलाच हवं. जुन्या लष्करी रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. पिवळट-हिरवा प्रायमर बहुधा झिंक क्रोमेटचा. त्यातलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. चेसिसवरचा सोनेरी मुलामा कॅडमियमचा असेल तर त्याला घासायचंच नाही. मीटरच्या काट्यांवर आणि डायलच्या खुणांवर अंधारात चमकणारा रेडियमचा लेप असतो. आज तो चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड मेलं. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे, तेव्हा त्याची धग जवळपास जशीच्या तशी आहे. असा काटा खरवडणं, त्यावर फुंकर मारणं म्हणजे ती भुकटी फुप्फुसात ओढणं. पॅसिफिक आणि ब्रह्मदेशासारख्या दमट रणांगणांवर बुरशीनं तारांचं आवरण खाल्लं, म्हणून अमेरिकी संचांच्या आतल्या भागावर 'एमएफपी' नावाचा बुरशीरोधक वार्निश फवारून तारखेचा शिक्का मारत. त्या वार्निशांत पाऱ्याची संयुगंही वापरली जात. तो पिवळट थर जुना कळकटपणा समजून घासून काढणारे दोन चुका एकदम करतात: विष उडवतात आणि तारखेचा पुरावाही घालवतात.

रसायनांचं वेगळंच. पेंट रिमूव्हरमधला जो जालीम घटक, मिथिलीन क्लोराइड, त्याच्या वाफांनी बंद खोलीत माणसं दगावली आहेत. अमेरिकेनं २०१९मध्ये रंग उतरवायला त्याची किरकोळ विक्री बंद केली. युरोपनं त्याच्याही आधी. डब्यावरचे घटक वाचावेत, काम उघड्यावर करावं आणि नाकाला नुसता रुमाल बांधून भागेल असं समजू नये. कॉस्टिक सोडा लोखंडी पत्र्याला ठीक, पण ॲल्युमिनियमची पेटी त्यात बुडवली तर रंगाबरोबर धातूही विरघळतो आणि हायड्रोजन फसफसतो. जर्मन संचांचे ओतीव सांगाडे बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे. त्यांना आम्ल आणि ओल सोसत नाही, आणि घासून पडलेली भुकटी पेट घेऊ शकते. सँडब्लास्टिंगनं पातळ पत्रा पापडासारखा वळतो. नाजूक कामाला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा वापरतात.

सगळ्यात बारकाईचा भाग अक्षरांचा. कॉलिन्स कंपनीनं पन्नाशीच्या दशकात अमेरिकी लष्करासाठी घडवलेल्या आर-३९०ए या साधारण ३८ किलोंच्या रिसीव्हरची करडी पाटी कोरीव अक्षरांची आहे. (बरेच संच सरकारनं विकले तेव्हा किरणोत्सारी लेपामुळे त्यांचे मीटर आधीच काढून घेतले होते, त्यामुळे अनेक पाट्यांवर दोन गोल भोकं तेवढी दिसतात.) कोरीव असल्यानं इथे नव्या रंगानंतरही मजकूर परत येतो. करडा रंग पुरता कडक होऊ द्यायचा, मग घट्ट पांढरा रंग बोटानं खाचांत दाबायचा. तो जरासा धरला की जाड पुठ्ठ्याला गुंडाळलेल्या कापडानं, टर्पेंटाइनचा नुसता ओलावा देऊन, अक्षरांना आडवं पुसायचं. कापड सैल असेल तर ते खाचेत शिरून पांढरा उपसून काढतं. पुठ्ठ्यामुळे ते वरच्यावर सरकतं. छापील अक्षरांच्या पाटीला ही मुभा नाही. तिथे रंग उतरवण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घेतले नसतील, तर अक्षरांची जागा आणि वळण कायमचं गेलं.

आणि रंग देताना एक गोष्ट रेडिओवाल्यालाच कळते, गाडीच्या रंगाऱ्याला नाही. पेटी, पाटी आणि चेसिस जिथे एकमेकांना टेकतात तिथे धातूला धातू भिडला पाहिजे, कारण अर्थिंग तिथूनच होतं. त्या कडा मास्किंग टेपनं झाकल्या नाहीत तर संच देखणा होतो आणि गुणगुणू लागतो. पावडर कोटिंगचा जाड थर याच कारणासाठी नडतो. स्क्रूच्या आट्याही त्यानं भरतात.

संग्रहालयांचा कल गेल्या काही दशकांत हात आखडता घेण्याकडे झुकला आहे. २००हून अधिक मोहिमांतून परतलेलं 'फ्लॅक-बेट' हे बॉम्बर विमान स्मिथसोनियननं जुन्या रंगासकट जपायचं ठरवलं. लंडनच्या आरएएफ म्युझियमनं १९७३मध्ये नॉर्वेच्या तळ्यातून काढलेलं हॅलिफॅक्स गंजलेल्या रूपातच ठेवलं आहे. रेडिओला हा नियम जसाच्या तसा लावणं मात्र भाबडेपणाचं ठरेल. रंगाखाली गंज धावत असेल, तर न उतरवणं म्हणजे पत्रा गमावणं. सुस्थितीतला मूळ थर आणि वाचता येणारी अक्षरं असतील तर साबण-पाणी आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं रेनेसाँस वॅक्स पुरे. पण युद्धानंतर कुणा हौशी माणसानं भोकं पाडून, ब्रशनं निळा ऑइल पेंट फासलेल्या संचाबद्दल हळवं व्हायचं कारण नाही.

आपल्याकडे असे संच युद्धानंतर 'डिस्पोजलचा माल' म्हणून आले आणि त्या पिढीच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींनी त्यांतूनच आपापली स्टेशनं उभी केली. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यानं परवान्याशिवाय संच नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं होतं. २०२३च्या दूरसंचार कायद्यात तो कायदा मोडीत काढण्याची तरतूद आहे, तरी परवानगीची अट सुटलेली नाही. चोरबाजारात पेटी हाती लागली तर रंगाआधी हा कागद बघावा. बाकी सामान गल्लीत मिळतं: ॲल्युमिनियमला एच प्रायमर, लोखंडाला झिंक फॉस्फेट आणि रंग यंत्रावर जुळवून देणारं गाड्यांच्या रंगांचं दुकान. तिथे फक्त निक्षून सांगावं लागतं, की चमक नको. दुकानदार तरीही वरून लॅकरचा एक हात फुकट देऊ करतो. त्याला नाही म्हणावं.