गाण्याचा सामना आणि ऐकणाऱ्यांचा कौल

आखाजीला खान्देशात नदीकाठी गाण्यांचा जो सामना रंगतो, त्यात परीक्षक नसतो आणि ऐकणारे गप्प बसत नाहीत. अक्षय्य तृतीयेच्या या सणाला जळगाव-धुळ्याकडच्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, घरोघर गवराई बसते. गवराई बोळवायला बाया-पोरी नदीवर जातात, तेव्हा पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बाया जमलेल्या असतात. इकडून अहिराणीत एक गाणे गेले की तिकडून उत्तर येते. गाण्यांवरून गोष्ट शिव्यांवर जाते, आणि पूर्वी ती दगडफेकीपर्यंतही जात असे. ऐकणारी प्रत्येक बाई कोणत्या तरी काठाचीच असल्याने कौल आधीच ठरलेला असतो. माहेरच्या ओढीची संथ गाणी झोक्यावर शोभतात. पाण्यापलीकडे पोचायचे तर शब्द ठसक्याचेच हवेत.

डफ-तुणतुण्यावरच्या कलगी-तुऱ्यात मात्र श्रोत्याची खरी कसोटी लागते. कलगीवाले शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. एका बाजूचा शाहीर पुराणातले कोडे भेदिक रचनेत घालतो आणि दुसऱ्याने त्याची उकल गाण्यातूनच करायची असते. खान्देशच्या वहीगायनातही डफाच्या साथीने कथा गायल्या जातात. अशा फडात समोर बसलेल्यांना रामायण-महाभारतातले प्रसंग तोंडपाठ असत, म्हणून त्यांना फसवणे सोपे नव्हते. सवाल पडल्यानंतर डफ नुसताच घुमत राहतो आणि सगळ्यांची नजर उत्तर देणाऱ्यावर खिळते. जवाब नेमका बसला की टोप्या-फेटे उडतात, शिट्ट्या होतात, बक्षिसाच्या नोटा पुढे येतात. शाहीर अडखळला की हुर्यो उडते. ही दाद गळ्याइतकीच बुद्धीला असते. कथा सावकाश उलगडली तरी चालते, कारण रात्र मोठी असते आणि ऐकणाऱ्याला कुठे जायचे नसते.

देशादेशांच्या गाण्यांचा सर्वांत मोठा सामना म्हणजे १९५६ साली स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे सुरू झालेली युरोव्हिजन स्पर्धा. येथे गाण्याला जेमतेम ३ मिनिटे मिळतात. संथ कथनगीताची खरी अडचण होते ती इथे, कारण श्रोता रमेपर्यंत वेळ संपलेली असते. आपल्या देशाला मत देता येत नाही, हा नियम मात्र फार शहाणपणाचा आहे. परक्याच्या गाण्याकडे कान द्यायला तो भाग पाडतो.

२०१६ साली याच स्पर्धेत, स्टॉकहोमला, युक्रेनच्या जमालाने ‘१९४४’ हे गाणे म्हटले. स्टालिनच्या राजवटीत क्रिमियातून हद्दपार झालेल्या तातार लोकांची, त्यांतल्याच तिच्या पणजीची, ही कहाणी होती आणि गाण्याचे ध्रुपद क्रिमियन तातार भाषेत होते. परीक्षकांची पहिली पसंती ऑस्ट्रेलियाला होती, प्रेक्षकांची रशियाला. जमाला दोन्हीकडे दुसरी आली, पण परीक्षकांचे २११ आणि प्रेक्षकांचे ३२३ मिळून ५३४ गुणांवर जिंकली. गाण्यात राजकारण आहे अशी रशियाकडून तक्रार झाली, पण आयोजकांनी ते नियमात बसते असे ठरवले होते.

पुढच्याच वर्षी कीव्हमध्ये पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालने बहिणीने रचलेले प्रेमगीत गायिले. मुख्य रंगमंच सोडून तो प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या छोट्या मंचावर एकटाच उभा राहिला, ना नाच, ना आतषबाजी. पोर्तुगीज न कळणाऱ्या लाखो लोकांनी त्याला मते दिली. परीक्षकांचे ३८२ आणि प्रेक्षकांचे ३७६, असे ७५८ गुण मिळाले. १९६४ पासून भाग घेणाऱ्या पोर्तुगालचा तो पहिलाच विजय. शब्द कळत नसताना लोकांनी इतकी एकमुखी दाद द्यावी, यात त्याच्या गळ्याचा आणि त्या मोकळ्या चालीचा वाटा मोठा होता. अर्थाची भूक असलेल्या फडातल्या श्रोत्याच्या दादेपेक्षा ही दाद अगदी वेगळी, पण तितकीच खरी.

२०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतील प्रेक्षकांनाही ऑनलाइन मत देता येऊ लागले. अशी सगळ्या जगाची मते एकत्र करून त्यांना एका सहभागी देशाइतके वजन दिले जाते.