आले किती नको, उडाले किती ते मोजा

मी भिलाईहून बोलतोय. आमचं शहर पोलादाचं, पण शहर संपलं की लगेच भाताची खाचरं लागतात. पावसाळ्यात तिथे एक राखाडी-पांढरा करकोचा दिसतो. चोच मिटली तरी मधे फट राहते. मराठीत हा मुग्धबलाक, इकडे घोंघिल.

कोरबा जिल्ह्यातल्या कनकी गावात, कनकेश्वर महादेवाच्या देवळाभोवतीच्या झाडांवर याची मोठी वसाहत भरते. पावसाच्या तोंडावर येतो म्हणून गावकरी त्याला पावसाचा दूत मानतात, जपतात. पहिल्यांदा गेलो ते जुलैत. घरट्यांनी लगडलेली झाडं पाहून मी वहीत लिहिलं, 'उत्तम वर्ष'. मग ऑगस्टात पावसाने ओढ दिली. पुन्हा गेलो, तर बऱ्याच घरट्यांत एकेकच पिल्लू उरलेलं. वहीतली ओळ खोडली.

असं का झालं? याचं मुख्य अन्न म्हणजे पाण्यातली मोठी गोगलगाय. उन्हाळ्यात ती कवचाचं झाकण लावून चिखलात निजते, पाणी साचलं की बाहेर येते. म्हणून वीण पावसाशी बांधलेली. अंडी दोन ते चार, साधारण २५ दिवसांनी फुटतात. म्हणजे पिल्लांची भूक वाढते ती नेमकी शेतकरी ब्यासीसाठी पाण्याची वाट बघतो तेव्हा. ब्यासी म्हणजे उभ्या भातात, साचलेल्या पाण्यात नांगर फिरवणं. पाऊस थांबला की ब्यासी अडते आणि घरट्यातला घासही.

करकोचे सगळी अंडी घालून होण्याआधीच उबवायला बसतात, त्यामुळे पिल्लं मागेपुढे जन्मतात. अन्न मुबलक असेल तर सगळी तगतात. कमी पडलं तर थोरलं आधी खातं, धाकटं उपाशी मरतं.

फार पाऊसही वाईटच. वादळात काटक्यांची घरटी कोसळतात, भिजलेली पिल्लं गारठतात, आणि पाणी खोल झालं की चालत शिकार करणाऱ्या पक्ष्याची चोच तळाला पोचत नाही. कडक ऊन पडलं तर एका पालकाला पंख पसरून सावली धरत उभं राहावं लागतं. शिकारीला उरतो एकच.

महाराष्ट्रात भिगवणजवळच्या भादलवाडी तलावावर चित्रबलाकांची वीण होते. तिथे गोगलगायीऐवजी मासे, पण गणित तेच: पाऊस किती पडला यापेक्षा पिल्लं मोठी होईपर्यंत उथळ पाणी टिकलं का?

म्हणून तुमच्या जवळ अशी वसाहत असेल तर दोनदा जा. एकदा घरटी मोजा, दुसऱ्यांदा उडण्याजोगी झालेली पिल्लं. आणि गावचं तळं बुजवायची गोष्ट निघाली, तर ही दुसरी मोजणी ग्रामसभेत वाचून दाखवा. पावसाने ओढ दिली की धाकट्या पिल्लाचा घास त्या तळ्यातच उरलेला असतो.